दीड तासाचं इंग्रजी : न्यू यॉर्कच्या हसिदी शाळांचं प्रकरण

जुलै २०१५ मध्ये न्यू यॉर्क शहराच्या शिक्षण खात्याकडे एक तक्रारपत्र गेलं. खाली ५२ सह्या होत्या: काही माजी विद्यार्थ्यांच्या, काही पालकांच्या, काही शिक्षकांच्या. सोबत ३९ खाजगी शाळांची यादी होती. या शाळांत मुलग्यांना इंग्रजी आणि गणित जेमतेम शिकवतात, विज्ञान आणि इतिहास जवळजवळ नाहीच, राज्याच्या कायद्यात हे बसत नाही, तेव्हा चौकशी करा, एवढंच म्हणणं. सगळ्या शाळा कट्टर धार्मिक ज्यूंच्या, बहुतेक हसिदी पंथांच्या. तिकडे त्यांना 'येशिवा' म्हणतात.

पत्रामागची संघटना 'याफेड'. ती काढणारे नाफ्तुली मोस्टर ब्रुकलिनच्या बरो पार्क भागात, हसिदी घरातच वाढले. म्हणजे तक्रार बाहेरच्यांची नव्हती, घरातून निघालेल्यांची होती, आणि म्हणूनच ती समाजाला जास्त झोंबली.

हे प्रकरण पुढे दहा वर्षं चाललं. महापौर, राज्य सिनेटर, शिक्षण आयुक्त, राज्याचं सर्वोच्च न्यायालय, सगळे त्यात येऊन गेले. शाळांच्या हक्कांवर बोललं गेलं, पालकांच्या हक्कांवर त्याहून जास्त. ज्याच्या कोऱ्या वहीवरून हे सुरू झालं, तो मुलगा मात्र सगळीकडे विषय म्हणूनच राहिला. माझ्या मते ही चूक कुणा एकाची नाही, ती अमेरिकन कायद्याच्या रचनेतच बसलेली आहे. ती कशी, हे दाखवण्यासाठीच एवढं तपशिलात शिरतो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेतली प्रत्येक ज्यू शाळा अशी नाही. २०१८-१९ च्या गणनेत तिथे ९०६ ज्यू डे स्कूल्स आणि सुमारे २ लाख ९२ हजार विद्यार्थी होते. त्यांतल्या मॉडर्न ऑर्थोडॉक्स किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह शाळांत अर्धा दिवस हिब्रू आणि तोरा (ज्यूंचे पाच मूळ धर्मग्रंथ), अर्धा दिवस इतर कुठल्याही चांगल्या अमेरिकन शाळेसारखा अभ्यास असतो. तिथल्या पालकांचं रडगाणं वेगळं आहे, फीचं. हसिदी शाळांत फी त्या मानाने कमी, समाज सांभाळून घेतो. प्रश्न अभ्यासक्रमाचा आहे, आणि तोही मुख्यतः मुलग्यांच्या शाळांचा. मुलींच्या शाळांत इंग्रजी, गणित बरंच जास्त शिकवतात, कारण ताल्मुदचा (धर्मनियमांवरच्या प्राचीन चर्चाग्रंथाचा) अभ्यास हे धार्मिक कर्तव्य मुलग्यांवर आहे, मुलींवर नाही. परिणाम असा की एकाच घरातली बहीण सरकारी पत्र वाचते आणि भाऊ ते तिच्याकडून समजून घेतो.

मराठी वाचकाला हसिदी म्हटलं की कुलाब्याचं छाबड हाऊस आठवेल. छाबड हाही हसिदी पंथच, पण जगभर मिसळणारा. या प्रकरणाच्या मध्यभागी होते सत्मारसारखे पंथ, ज्यांचा सगळा भर न मिसळण्यावर आहे.

वर्गात काय चालतं

मुलगा तीन वर्षांचा झाला की पहिल्यांदा केस कापतात, कानाजवळच्या बटा तेवढ्या राखतात, आणि तो शाळेत जाऊ लागतो. घरची भाषा यिडिश, पूर्व युरोपातल्या ज्यूंची, आणि शाळेचीही यिडिश. आधी हिब्रू अक्षरं, मग प्रार्थनेचं वाचन, मग पाच-सहा वर्षांचा झाला की तोराचं मूळ पुस्तक. गंमत म्हणजे परंपरेने सुरुवात जगाच्या निर्मितीपासून करत नाहीत. तिसऱ्या पुस्तकापासून करतात, यज्ञबलींच्या नियमांपासून. मुलं निर्मळ, बलीचे विधी निर्मळ, तेव्हा निर्मळांनी निर्मळापासून सुरुवात करावी असा भाव. शिक्षक म्हणतो 'वायिक्रा', मुलगा म्हणतो 'ऊन एर होत गेरुफन', आणि त्याने हाक मारली. हिब्रू शब्द, यिडिश अर्थ, पुन्हा हिब्रू शब्द, पुन्हा यिडिश अर्थ, सुरात, अख्खा वर्ग एका लयीत डोलत. आपल्याकडे वेदपाठशाळेत संथा घेताना ऐकलेल्याला हे परकं वाटणार नाही. फरक असा की इथे पाठांतराबरोबर अर्थही पहिल्या दिवसापासून येतो.

आठ-दहा वर्षांचा झाला की ताल्मुद. बऱ्याच शाळांत पहिला धडा ठरलेला असतो: सापडलेल्या वस्तू. रस्त्यात विखुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची. पण नाणी थैलीत असतील तर? तर दवंडी पिटायची, मालक शोधायचा. विखुरलेली फळं सापडणाऱ्याची, पण किती फळं किती जागेत पडली म्हणजे 'विखुरलेली' म्हणायची? मालकाला आपली वस्तू हरवल्याचं अजून कळलेलंच नसेल, तर त्याने तिची आशा सोडली असं धरायचं का? दहा वर्षांचा पोरगा शेजारच्याशी हातवारे करून यावर तासन्‌तास भांडतो. मुलांना विचार करायला शिकवत नाहीत असा आरोप झाला की समाजाचे वकील हाच वर्ग दाखवतात, आणि मला त्यात तथ्य वाटतं. आपल्या नागरिकशास्त्राच्या तासाला इतकं भांडण मी कधी ऐकलेलं नाही.

हे सगळं सकाळी लवकर सुरू होतं आणि दुपारी उशिरापर्यंत चालतं. मग, माजी विद्यार्थ्यांच्या सांगण्यानुसार, आठवड्यातले चार दिवस साधारण दीड तास 'इंग्लिश'. या नावाखाली इंग्रजी वाचन आणि अंकगणित दोन्ही येतं. मुलं दमलेली, शिक्षक बऱ्याचदा स्वतःही अशाच शाळेतून आलेला, आणि या तासाला फारसं महत्त्व नाही हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक. तेराव्या वर्षी बार मिट्झ्वा (मुलगा धार्मिक दृष्ट्या वयात आल्याचा विधी) झाला की बहुतेक ठिकाणी तोही तास बंद. इतिहास, भूगोल, विज्ञान यांचं पुस्तकच हातात पडलं नाही असं सांगणारे कितीतरी जण आहेत.

हे असं का, याचं उत्तर युरोपात आहे. सत्मारचे प्रमुख रब्बी (धर्मगुरू) योएल टायटेलबाउम १९४४ मध्ये नाझींच्या बर्गन-बेल्झन छावणीत होते. तिथून सुटून ते स्वित्झर्लंडला पोचले, १९४६ मध्ये न्यू यॉर्कला आले आणि ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये राहिले. हंगेरी-रुमानियातले त्यांचे बहुतेक अनुयायी मारले गेले होते. उरलेल्या मूठभरांना घेऊन त्यांनी जे उभं केलं त्यात शाळा ही प्रार्थनागृहाइतकीच महत्त्वाची होती, कारण अमेरिका माणसं मारत नाही, विरघळवते, हे त्यांना दिसत होतं. दोन पिढ्यांपूर्वी आलेल्या ज्यूंची नातवंडं शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या सक्तीच्या विश्रांतीच्या दिवशी, बेसबॉल खेळत होती. यिडिश, पोशाख आणि मुलांचा अख्खा दिवस ताब्यात ठेवणारी शाळा, ही तीन कुंपणं होती. ज्यांनी ती घातली त्यांना मी दोष देऊ शकत नाही. प्रश्न आहे तो सत्तर वर्षांनी, कुंपणाच्या आत जन्मलेल्याचा.

कायदा आणि पैसा

न्यू यॉर्क राज्याच्या कायद्यात शंभर वर्षांहून अधिक काळ एक अट आहे: सरकारी शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलाला मिळणारं शिक्षण सरकारी शाळेतल्या शिक्षणाशी निदान बऱ्याच अंशी समतुल्य असलं पाहिजे. बऱ्याच अंशी म्हणजे किती, ते कोण तपासणार, किती वर्षांनी, आणि नापास झाल्यास काय, हे दशकानुदशकं कुणी धड लिहून ठेवलं नव्हतं. जबाबदारी कागदावर स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांची. प्रत्यक्षात कुणी फिरकत नव्हतं.

आता पैसा. अमेरिकेत सरकार धार्मिक शाळेला सरळ अनुदान देत नाही अशी आपली समजूत असते. ती अर्धी खरी. १९४७ च्या एव्हर्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धार्मिक शाळेत जाणाऱ्या मुलांचं बसभाडं सरकार देऊ शकतं, कारण तो लाभ मुलाचा आहे, शाळेचा नाही. १९६८ मध्ये, ॲलन खटल्यात, न्यू यॉर्कच्याच कायद्याबाबत तेच सूत्र पाठ्यपुस्तकांना लागू झालं. या वाटेने बस, पुस्तकं, जेवण, बालसंगोपनाची मदत असं पुष्कळ काही धार्मिक शाळांपर्यंत पोचतं. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने सप्टेंबर २०२२ मध्ये हिशेब मांडला की राज्यातल्या हसिदी मुलग्यांच्या शंभराहून अधिक शाळांकडे, जिथे सुमारे ५० हजार मुलं शिकतात, आधीच्या चार वर्षांत एक अब्ज डॉलरहून जास्त सार्वजनिक पैसा गेला होता.

माझ्या मते गाठ इथेच बसली. पैसे देताना कायदा म्हणतो: हा लाभ मुलाचा, शाळेचा नाही, म्हणून शाळेला काही विचारायचं कारण नाही. शिक्षणाबद्दल विचारायला जावं तर दुसरा कायदा म्हणतो: मूल कुठे आणि कसं शिकेल हे पालकांनी ठरवायचं. १९२५ च्या पिअर्स खटल्यापासून हे पक्कं आहे. म्हणजे खर्चाच्या रकान्यात मूल स्वतंत्र व्यक्ती, आणि शिक्षणाच्या रकान्यात ते आईबापांच्या खात्यात जमा. १९७२ च्या योडर खटल्यात आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलं शाळेत न पाठवण्याची मुभा मिळाली, तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः असहमती नोंदवून विचारलं होतं की या मुलांना स्वतःला काय वाटतं हे कुणी विचारलं का. बाकीच्या न्यायमूर्तींनी तो मुद्दा पुढे नेला नाही. आजही तो तिथेच पडून आहे.

दहा वर्षांत काय काय झालं

पत्र आल्यावर शहराने चौकशीचं आश्वासन दिलं आणि मग सगळं थंडावलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या शिक्षणप्रमुखांनी राज्याला कळवलं की आतापर्यंत १५ शाळा पाहून झाल्या आहेत आणि तेवढ्याच शाळांनी दारातून आत घेतलं नाही. तीन वर्षांत हे एवढंच काम! डिसेंबर २०१९ मध्ये अखेर अहवाल आला: पाहिलेल्या २८ शाळांपैकी कायद्यात बसणाऱ्या फक्त दोन. त्याच सुमारास शहराच्या चौकशी खात्याने उशिराचं कारणही सांगून टाकलं. महापौर बिल डी ब्लासिओ यांना शहरातल्या शाळांचा ताबा आपल्याकडे ठेवायला राज्याच्या सिनेटची मंजुरी हवी होती, आणि २०१७ मध्ये त्या सौद्यात अहवाल पुढे ढकलण्याचं त्यांच्या कार्यालयाने कबूल केलं होतं. यात कायदा मोडला असं चौकशी खात्याने म्हटलं नाही. राजकीय देवघेव, एवढंच.

ही देवघेव शक्य होते कारण हसिदी समाज एकगठ्ठा मतदान करतो. रब्बीचा शब्द आला की मतपेटीत फाटाफूट नाही. आपल्याकडच्या मतपेढ्यांची सवय असलेल्या वाचकाला हे जास्त समजावायला नको.

२०१८ च्या वसंतातला प्रसंग तर एखाद्या युती सरकारात शोभला असता. राज्य सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचं बळ इतकं सारखं होतं की ब्रुकलिनचे सिम्खा फेल्डर यांचं एक मत बहुमत ठरवत होतं. ते निवडून आले डेमोक्रॅट म्हणून आणि बसायचे रिपब्लिकनांबरोबर. राज्याचं संपूर्ण अंदाजपत्रक अडवून धरून त्यांनी एक दुरुस्ती घालून घेतली: ज्या ना-नफा द्विभाषिक शाळांचा दिवस बराच लांब असतो, चौथी ते आठवीला संध्याकाळी साडेपाचपर्यंत, त्यांची तपासणी वेगळ्या निकषांवर व्हावी आणि त्यांचा संपूर्ण अभ्यासक्रम विचारात घ्यावा. वर्णन एवढं नेमकं की कुठल्या शाळा हे सांगायची गरजच उरली नाही. दुरुस्तीत एक खरा मुद्दा होता, ताल्मुदमधून येणारी तर्कशक्तीही मोजा हा. पण तो आला रात्रीत, अंदाजपत्रकाच्या शेपटाला बांधून, आणि तो मोजायचा कसा हे कुणीच सांगितलं नाही.

राज्याने त्याच वर्षी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०१९ मध्ये ऑल्बनीच्या न्यायाधीश क्रिस्टिना रायबा यांनी त्या रद्द केल्या, कारण त्या नियमासारख्या राबवल्या जात होत्या पण नियम करायची रीतसर प्रक्रिया पाळली नव्हती. मग रीतसर मसुदा. त्यावर सुमारे १ लाख ४० हजार हरकती. माघार, नवा मसुदा, आणि २०२२ मध्ये त्यावर तीन लाखांहून जास्त पत्रं, बरीचशी छापील मजकुरावर सही केलेली. १३ सप्टेंबर २०२२ रोजी राज्याचं शिक्षणधोरण ठरवणाऱ्या बोर्ड ऑफ रीजंट्सने नियम एकमताने मंजूर केले. शाळांना मार्ग पुष्कळ ठेवले होते: मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र आणा, किंवा राज्याच्या चाचण्या द्या, किंवा यांतलं काहीच नको असेल तर स्थानिक अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्या.

मंजुरीच्या दोनच दिवस आधी 'टाइम्स'ची शोधमालिका आली होती. तिच्यातला एक आकडा सगळीकडे गेला. ब्रुकलिनमधल्या सेंट्रल युनायटेड टाल्मुडिकल अकॅडमी या शाळेने २०१९ मध्ये एक हजाराहून जास्त मुलांना वाचन आणि गणिताच्या राज्यचाचण्यांना बसवलं आणि एकही मुलगा उत्तीर्ण झाला नाही. शाळांच्या बाजूने उभी असलेली 'पर्ल्स' ही संघटना आणि समाजाची वृत्तपत्रं म्हणाली, ही बदनामी आहे. शहराच्या सरकारी शाळांतही त्या वर्षी निम्म्याहून जास्त मुलं अपेक्षित पातळीच्या खालीच होती, तिकडे कोण बोट दाखवतं? दुसरं वाक्य खरं आहे. पण निम्मी आणि शून्य यांत फरक आहे, आणि तो करायला ताल्मुद लागत नाही, अंकगणित पुरतं. त्याच शाळेने ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलांच्या जेवणासाठी आलेला केंद्रीय निधी लाटल्याचं सरकारी वकिलांपुढे कबूल केलं आणि एकूण आठ दशलक्ष डॉलरच्या वर रक्कम भरली. मुलाचा लाभ म्हणून दिलेला पैसा मुलापर्यंत पोचतो का, हे बघायला इतकी वर्षं लागली.

२०२३ पासून गती आली. जानेवारीत, एका आईच्या तक्रारीवर, राज्याच्या आयुक्त बेटी रोझा यांनी तिच्या मुलाची शाळा कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला. उन्हाळ्यात शहराने २०१५ च्या यादीचं काम संपवून आणखी १८ शाळांचं शिक्षण अपुरं ठरवलं. दरम्यान न्यायाधीश रायबा यांनी नियमांमधला कणाच काढून घेतला होता: कायदा सक्ती करतो ती पालकांवर, शाळेवर नाही, तेव्हा शाळा अपुरी ठरली म्हणून पालकांना मूल काढायला लावता येणार नाही, ते उरलेलं शिक्षण घरी किंवा शिकवणीने पुरं करू शकतात. वरच्या न्यायालयाने २०२४ मध्ये हे फिरवलं, आणि जून २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवले.

लढाई जिंकली म्हणायची, तर एक महिना आधीच, मे २०२५ च्या अंदाजपत्रकात, पुन्हा एकदा शेपटाला बांधून, विधिमंडळाने मूळ कायदाच सैल केला होता. शाळांना नवे सोपे मार्ग मिळाले आणि पूर्ण अंमलबजावणी २०३२-३३ या शालेय वर्षापर्यंत लांबली.

त्याच जुलै २०१५ मध्ये, महाराष्ट्रात

ब्रुकलिनमधून पत्र निघालं त्याच महिन्यात, जुलै २०१५ मध्ये, महाराष्ट्र सरकारने जाहीर केलं की ज्या मदरशांत गणित, विज्ञान, इंग्रजी, समाजशास्त्र शिकवत नाहीत ते शाळा धरले जाणार नाहीत आणि तिथली मुलं शाळाबाह्य मोजली जातील. ४ जुलैला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण ठरलेलं होतं, त्याच्या तोंडावर. एका समाजाला लक्ष्य केलं जातंय म्हणून गदारोळ झाला. विषय शिकवा, अनुदान घ्या, असं सरकारचं उत्तर होतं.

दोन्हीकडचा तर्क एकच: अमुक विषय नाहीत तर ती शाळा नाही. फरक पायाचा आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हक्क मुलाच्या नावावर लिहिला, पालकाच्या नाही. हे न्यू यॉर्कपेक्षा पुष्कळ पुढचं. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याबाहेर ठेवल्या. म्हणजे हक्क मुलाचा खरा, पण पालकांनी त्याला कुठल्या दारातून आत सोडलं यावर तो लागू होणार की नाही हे ठरतं. दोन टोकांच्या कायद्यांवरून निघून दोन्ही राज्यं एकाच जागी अडली. गदारोळ दोन्हीकडे झाला तो 'आमच्या संस्थेला हात लावता का' यावर.

इथे मुंबईचंच एक उदाहरण आठवतं. बेने इस्रायलींनी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, १८७५ मध्ये, हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या पुढाकाराने, 'इस्रायलाइट स्कूल' काढलं. पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. तिथे हिब्रू होतं, पण मराठी आणि इंग्रजीच्या जोडीने. कोकणातून आलेल्या त्या समाजाला कुंपण नको होतं, जिना हवा होता. अर्थात त्यांच्यामागे छळछावणी नव्हती. म्हणून ही तुलना सत्मारच्या माथी मारायची नाही. एवढंच की ज्यू शाळा म्हटली की एकच घाट असतो, असं नाही.

मग राज्याने करायला काय हवं होतं?

राज्याच्या हातात तीन गोष्टी होत्या. शाळेची मान्यता, मुलांच्या चाचण्या आणि पैसा. त्याने मान्यतेवर सगळा भार टाकला. तेच सगळ्यात बोथट हत्यार होतं, कारण मान्यता काढली की पाचशे मुलं आणि त्यांचे आईबाप रस्त्यावर येतात. कुठल्याही न्यायाधीशाला ते करवत नाही आणि कुठल्याही राजकारण्याला ते परवडत नाही. २०२४-२५ मध्ये ब्रुकलिनमधल्या दोन शाळांबाबत राज्य तिथपर्यंत पोचलं, आणि काही महिन्यांत विधिमंडळाने कायदाच बदलला.

माझं मत असं की सुरुवात सगळ्यात छोट्या गोष्टीने व्हायला हवी होती: सार्वजनिक पैशाची बस ज्याला शाळेत नेते, त्या प्रत्येक मुलाची तिसरीत आणि पाचवीत इंग्रजी वाचनाची आणि गणिताची एक साधी चाचणी, निकाल पालकांच्या हाती. शाळा बंद नाही, रब्बीला नोटीस नाही. यिडिशमधून गणित शिकवलं असेल तर चाचणी यिडिशमधून घ्या. यावर हरकत येईल ती मला दिसते. चाचणी ही पहिली पायरी असते, मग अभ्यासक्रम, मग पाठ्यपुस्तकातली उत्क्रांती, आणि एक दिवस मुलगा बटा कापून घरी येतो. ही भीती खोटी नाही. घर सोडून गेलेल्यांच्या कहाण्या समाजात सगळ्यांना ठाऊक आहेत.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. इंग्रजीवाचून काही अडत नाही, असं समाज म्हणतो. मॅनहॅटनमधलं बी अँड एच हे कॅमेऱ्यांचं प्रचंड दुकान सत्मार कुटुंबाने उभं केलं. शनिवारी ते बंद असतं, संकेतस्थळसुद्धा शब्बाथला ऑर्डर घेत नाही, आणि तरी अमेरिकाभरचे छायाचित्रकार तिथूनच खरेदी करतात. खरं आहे. पण एका दुकानाच्या मागे समाजाचं गणित लपत नाही. राज्याच्या ऑरेंज काउंटीतलं किर्यास योएल हे सत्मारचं गाव देशातल्या गरीब गावांत मोजलं जातं. मोठी कुटुंबं हे त्याचं एक कारण. अर्ज भरता न येणारा बाप हे दुसरं. याच गावाने अपंग मुलांसाठी स्वतःचा सरकारी शाळा-जिल्हा मिळवला होता, तो १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. मात्र त्या मुलांना प्रशिक्षित शिक्षक, उपचार, इंग्रजी हे सगळं हवंच, यावर गावात वाद नव्हता. गरज पटली की कुंपणाला फाटक होतं, हे या समाजानेच दाखवलेलं आहे. धडधाकट मुलाच्या बाबतीत गरज पटवायची कुणी, हा प्रश्न राहिला.

माजी विद्यार्थ्यांच्या कथनात राग ताल्मुदवर क्वचितच असतो. कित्येक जण अजून प्रेमाने सापडलेल्या नाण्यांचा धडा म्हणून दाखवतात. राग असतो तो नोकरीचा पहिला अर्ज भरताना, डॉक्टरसमोर बसून आपल्याच मुलाचं दुखणं सांगताना, विशीत अपूर्णांक शिकायला कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात बसताना आलेल्या शरमेवर. ती शरम कुठल्या कायद्याच्या कलमाखाली बसवायची, हे न्यू यॉर्कला दहा वर्षांत ठरवता आलं नाही.

२०१५ मध्ये पत्र गेलं तेव्हा पहिलीत असलेल्या मुलाचा बार मिट्झ्वा २०२२ च्या आसपास होऊन गेला, आणि त्याबरोबर दीड तासाचं इंग्रजीही संपलं. २०२५ च्या सप्टेंबरात पहिलीत बसलेला त्याचा धाकटा भाऊ, नवा कायदा पूर्ण लागू होईल त्या २०३२-३३ मध्ये, आठवीत असेल. प्राथमिक शाळेचं ते शेवटचं वर्ष.